मनकर्णाबाईची चंची

गोंडपिपरी तालुका
१८ फेब्रुवारी

चि. माधवी,

सप्रेम जय भीम.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी एक वाक्य बोललो की तू चार इंग्रजी शब्द फेकतेस आणि मग रेंज जाते. रेंज खरंच जाते की तू फोन बंद करतेस, ते तुझं तुला माहीत. म्हणून लिहितो. कागदाला मध्ये तोंड घालता येत नाही.

तुझ्या आईचे पाय सुजलेत. माझी थोरली बहीण ती, मी तिला जन्मभर 'बाई' म्हणत आलो, आणि तिला कधी आजारी म्हणून पाहिलं नाही. परवा बाजाराला निघालो तर एसटीच्या पायरीवर तिला पाय उचलेना. मागून लोक ढकलत होते, कंडक्टर खेकसत होता. बाई दांडीला धरून उभी आणि मला म्हणते, "श्रीहरी, हे पाय माह्ये नाईत वाटत." माधवी, मी तिथेच त्या कंडक्टरची आईबहीण काढली. राग त्याच्यावर नव्हता. राग तुझ्या गोळ्यांवर होता.

दाब वाढला म्हणून तुझ्या त्या डॉक्टरने एक गोळी दिली. ती पुरेना म्हणून एकीच्या दोन केल्या. तरी भागेना म्हणून आता लघवी जास्त व्हायची तिसरी. आणि दाब? जिथल्या तिथे! उलट वर! हे कसलं औषध? फ्यूज उडतोय म्हणून जाड तार टाकत जायची, हे आमच्या खात्यात केलं असतं तर साहेबाने घरी बसवलं असतं.

आणि बाईने काय करायचं बाकी ठेवलंय? दिवाळीपासून तंबाखू-सुपारीच्या त्या खर्र्याला हात लावलेला नाही. तू वर्षानुवर्षं ओरडत होतीस, तुझ्याने सुटला नाही. मी सोडवला. तल्लफ आली की खर्र्याच्या जागी मुलेठीचा, म्हणजे ज्येष्ठमधाचा, तुकडा तोंडात टाकायचा, ही युक्ती माझी. चंद्रपूरहून मी पिशवीभर आणून ठेवतो. तिचं पाहून टोल्यातल्या, आपल्या वस्तीतल्या, अर्ध्या बायकांनी खर्रा सोडला. पंचायतीने माझा सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला. खर्रा सुटल्यावर दाब खाली यायला हवा होता की नाही? वर गेला. मग दोष कुणाचा राहिला?

तू तिकडे हैदराबादेत रक्ताच्या नळ्यांना करंट लावत बसतेस म्हणे. उंदराच्या! उंदराचं बरंवाईट कळतं आणि आईचं कळत नाही? मी तेहतीस वर्षं लाइनमन होतो. करंट मला शिकवू नकोस. या गोळ्या नसांत काय करतात ते सरळ मराठीत लिही. नाहीतर मी सप्लाय बंद करीन.

तुझा मामा,
श्रीहरी

*

हैदराबाद
२७ फेब्रुवारी

आदरणीय मामाजी,

जय भीम. तुमचं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. "सप्लाय बंद करीन" म्हणजे काय? ती आई आहे, विजेची डीपी नाही! दाबाच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर डोक्यातली नस फुटू शकते. पुन्हा सांगते, गोळ्या बंद करायच्या नाहीत. पाय सुजणं हा पहिल्या गोळीचा ज्ञात त्रास आहे, तो डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेता येते. त्यासाठी तिला दाखवायला न्यावं लागतं. कंडक्टरला शिव्या देऊन ते होत नाही.

खर्रा सोडवलात हे मात्र झकास केलंत. त्याबद्दल खरंच शाबास. मला ते जमलं नव्हतं.

आता तुम्हाला हवं ते सरळ मराठीत. रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नाही. तिची भिंत जिवंत पेशींची असते, आणि शेजारच्या दोन पेशींमध्ये बारीक दारं असतात. एखाद्या ठिकाणी रक्त जास्त हवं असलं की तिथल्या पेशीत विजेचा बदल होतो, तो दारातून शेजारणीकडे जातो, तिच्याकडून पुढे. "सैल व्हा, वाट द्या" असा निरोप सगळ्या नळीभर पोचतो आणि नळी रुंदावते. निरोप अडला की नळी आवळलेली राहते आणि दाब वाढतो.

औषधं या निरोपात ढवळाढवळ करतात. काही पेशींतली वीज बदलतात, काही ती दारंच लावून टाकतात. मी नेमकं हेच करते. उंदराची केसाएवढी रक्तवाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते, एका टोकाला निरोप सोडते आणि मधे एका आम्लाचे थेंब टाकते. त्या आम्लाने दारं लागतात. अलीकडची नळी सैल होते, पलीकडची ढिम्म हलत नाही. तीन वर्षं मी हेच पाहतेय, आणि दर वेळी मला पलीकडच्या त्या पेशींची कीव येते.

आईच्या गोळ्या दारं लावत नाहीत. त्या नळीच्या स्नायूला ढिलं करतात. तरी दाब उतरत नाही याचा अर्थ दुसरं काहीतरी तो वर ढकलतंय. ते काय आहे ते शोधायला हवं. ती आणखी कुठलं औषध घेते का? दुखण्याची गोळी, कुणा वैदूचा काढा, काहीही? नीट विचारून कळवा. आणि कृपा करून लाइनमनगिरी करू नका.

तुमची,
माधवी

*

गोंडपिपरी तालुका
९ मार्च

चि. माधवी,

लाइनमनगिरी! हा शब्द तू लिहिलास. त्याच लाइनमनगिरीवर तुझं बारावीपर्यंतचं शिक्षण झालं, तुझा बाप गेल्यावर. असो. बोलून दाखवायचं नव्हतं, तू काढायला लावलंस.

तू विचारलंस तसं मी बाईला विचारलं, "आणखी कोणतं औषध घेतेस?" ती म्हणाली, "कोणतंच नाई." घरातले डबे पाहिले, उशी उचलून पाहिली. काही नाही. वैदूकडे ती जात नाही, बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभी राहून ती अंगारे-धुपारे सोडलेली बाई आहे.

मग मी माझ्या पद्धतीने विचार केला. फीडरवर फॉल्ट आहे आणि सापडत नाही, तर आम्ही काय करतो? सगळं बंद करतो. मग एकेक जोडत जातो. ज्याच्या जोडणीला उडालं, तो चोर. साधी गोष्ट आहे, याला पीएच.डी. लागत नाही.

म्हणून मी गोळ्या बंद केल्या. तिन्ही. आता ओरड.

पण आधी ऐक. बाईच्या पायांत जीव आला! परवा स्वतः उठून विहिरीपर्यंत गेली. काल गुणाबाईच्या दारात बसून हसत होती. मोहाची फुलं पडायला लागलीत, उद्या पहाटे वेचायला जायचं म्हणते. जी बाई एसटीची पायरी चढत नव्हती, ती टोपली शोधते आहे. आता सांग, फॉल्ट कुठे होता? सापडला ना?

डोकं दुखतं म्हणते थोडं. उन्हामुळे असेल.

तुझ्या त्या पेशींना माझा निरोप सांग, शेजारणीशी बोलत जा म्हणावं. आमच्या घरात तर मामा-भाचीचीच दारं लागलीत.

श्रीहरी

*

चंद्रपूर
२१ मार्च

मामाजी,

तुम्ही दवाखान्याच्या पायऱ्यांवरून जे निघून गेलात ते फोन बंद करून बसलात. बसा. हे पत्र गोंडपिपरीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते. त्यालाच शिव्या दिल्या होत्या ना तुम्ही, तोच आणून देईल.

आई जिवंत आहे. हे आधी लिहिते, कारण चार लोकांसमोर तुम्हाला मी 'खुनी' म्हणाले आणि तुम्ही पाठ फिरवलीत. तो शब्द मागे घेत नाही. अजून घेत नाही.

मोहाखाली ती कोसळली तेव्हा तिचा दाब यंत्रात मावत नव्हता. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, जीभ जड. मी बल्लारपूरला उतरून धावत आले तर तुम्ही बाकावर टोपली मांडीवर घेऊन बसलेले. मोहाची फुलं तशीच होती तिच्यात. ती टोपली तुमच्या हातातून घेऊन भिरकावली, त्याचंही मला काही वाटत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी याशिवाय आणखी काय घेतात?" तुम्ही आणि मी एका सुरात म्हणालो, काहीच नाही. जन्मात पहिल्यांदा आपलं एकमत झालं. आणि तेवढ्यात आईने डाव्या हाताने कमरेची चंची, तिचा तो खर्र्याचा बटवा, काढून डॉक्टरांच्या तोंडासमोर धरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! तोंड वाकडं झालंय, जीव टांगणीला लागलाय आणि हिला खर्रा हवा! मी ती चंची तिच्या हातातून हिसकून माझ्या पिशवीत कोंबली आणि तुमच्या अंगावर धावून आले. खर्रा सोडवला म्हणून शाल घेता, नारळ घेता, आणि ही दवाखान्यात चंची दाखवते!

मग रक्ताचा अहवाल आला. पोटॅशियम तळाला गेलेलं. डॉक्टरही बुचकळ्यात पडले. इतका दाब आणि इतकं कमी पोटॅशियम म्हणजे पोटातल्या ग्रंथीवर गाठ असू शकते, नागपूरला नेऊन तपासा म्हणाले. मी गाडी ठरवली. निघण्याआधी पिशवी आवरताना ती चंची हाताला लागली. म्हटलं, फेकून द्यावी ही घाण एकदाची. उघडली.

खर्रा नव्हता. मुलेठी होती, मामाजी. चावून चावून तंतू झालेले तुकडे, आणि नवे कोरे तुकडे.

आईला विचारलं, दिवसाला किती? तिने तुटक तुटक सांगितलं, "सकायपासून रातीलोक. श्रीहरी देते."

मी जे आम्ल थेंबाथेंबाने टाकते ना, नसांच्या पेशींची दारं लावणारं, ते याच मुळातल्या गोडव्यापासून बनतं. बाटलीवर इंग्रजी नाव असतं. तीन वर्षं ती बाटली हातात धरली. आणि आईच्या गालात तेच मूळ!

खोटं लिहिणार नाही. चघळण्याने आईच्या नसांची दारं माझ्या तबकडीतल्यासारखी लागली, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. या मुळाचा मोठा दणका मूत्रपिंडावर बसतो. ते अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं, म्हणून दाब वाढतो, आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावतं, म्हणून स्नायू लुळे पडतात. आणि ज्या विजेवर पेशींचे निरोप चालतात ती वीज या पोटॅशियमच्याच भरवशावर असते. त्यात लघवीच्या गोळीनेही पोटॅशियमच बाहेर काढलं. म्हणून ती गोळी बंद केल्यावर पायांत थोडा जीव आला. तुमचा अंदाज तेवढ्यापुरता खरा होता. पण दाबाचं झाकण काढलंत आणि खालची चूल पेटती ठेवलीत. चुलीत लाकूड घालणारे तुम्हीच.

एक तुकडा खोकल्याला चघळला तर काही होत नाही. पण दिवसभर, महिनोन्महिने? तुम्ही वाटलेत ते सगळं परत घ्या. आजच. ज्या बायकांना दाबाची गोळी चालू आहे त्यांच्याकडून आधी.

डॉक्टरांना सांगितलं. नागपूर तूर्त रद्द.

माधवी

*

गोंडपिपरी तालुका
२६ मार्च

माधवी,

कंडक्टरने पत्र दिलं. पैसे घेतले नाहीत. "आजी कशी आहे?" एवढंच विचारलं, त्याचाही मला राग आला.

खुनी म्हणालीस. ठीक आहे. पण माझं पहिलं पत्र काढ. त्यात स्पष्ट लिहिलंय, खर्र्याच्या जागी मुलेठी. तू ते वाचलंस आणि 'झकास' म्हणालीस, 'शाबास' म्हणालीस. मी दहावी नापास, मला मुलेठी म्हणजे गोड लाकूड. तुझ्या हातात तर तीन वर्षं तिची बाटली होती! मग शाबासकी कशाची दिलीस? तू 'आणखी कोणतं औषध' असं विचारलंस. मी तेच शब्द बाईला विचारले. तिने खरं तेच सांगितलं. चंचीतल्या वस्तूला आपल्याकडे कुणी औषध म्हणतं का?

दोन दिवस घरोघर फिरलो. मुलेठी परत मागितली. गुणाबाई दारातच उभी राहिली, "भाऊ, पयले म्हणे खर्रा सोडा. सोडला. आता म्हणता मुलेठी सोडा. मंग तोंडात का ठेवाव आमी, तुमचं भाषण?" तिलाही दाबाची गोळी चालू आहे. तिने तुकडे अंगणात फेकले, मी वाकून एकेक उचलले. गावची आशा सेविका सोमारी, तिला घेऊन सगळ्यांचा दाब मोजवला. दोघींचा वाढलेला निघाला. शाल मी पंचायतीच्या खुर्चीवर नेऊन ठेवली.

तुला मंगरूची गोष्ट कधी सांगितली नाही. माझ्यासोबतचा लाइनमन. लाइन बंद करून, खात्री करून खांबावर चढला होता. मी खाली उभा. कुणाच्या तरी लग्नात जनरेटर लावलेलं, त्याची जोडणी चुकीची. बंद लाइनीत उलट्या बाजूने करंट आला. आम्ही आमचे सगळे स्विच मोजले होते. ते जनरेटर आमच्या मोजणीत नव्हतंच.

त्यानंतर प्रत्येक नव्या पोराला मी हेच सांगत आलो, जे आपण चालू केलं नाही तेही चालू असू शकतं. आणि इथे तर चालू मीच केलं होतं. बाईच्या तिन्ही गोळ्या बंद करून मी तिच्या शेजारी बसलो, आणि तिला तल्लफ आली तेव्हा माझ्या हाताने तुकडा मोडून दिला.

पण तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तू येऊन जा. समोर बस आणि ओरड.

श्रीहरी

*

गोंडपिपरी तालुका
१८ एप्रिल

माधवी न् श्रीहरी,

दोघाईले एकच चिठ्ठी. एक इथीच आहे, पण त्यालेबी कागदावरच पायजे, तोंडानं सांगतलं त आयकत नाई. सोमारी लिवून राह्यली. तिले म्हटलं, जसं बोललं तसंच लिव, सुधारू नको.

माहं तोंड सरळ झालं. पायाले सूज नाई. काल सोमारीनं दाब मोजला त एकाच गोळीत उतरला म्हणे. उजव्या हाताची दोन बोटं अजून आयकत नाईत. आता ते आयकतीन का नाई, कोण जाणे.

तुह्या चिठ्ठ्या सोमारीनं मले वाचून दाखवल्या. श्रीहरीनं का लिवलं थे त्याले बसवून त्याच्याच तोंडून काढलं. साऱ्या चिठ्ठ्याईत मीच आहो. माह्ये पाय, माही नस, माहं रक्त. न् माह्या नावानं एकबी चिठ्ठी नाई! मले अक्षर येत नाई म्हून का? वाचाले सोमारी आहे ना, मेली का थे?

श्रीहरी, तू गोळ्या बंद केल्या तवा मले विचारलं नाई. खुशीनं म्हणे, बाई, आजपासून बंद. मी म्हटलं डोकं दुखते. तू म्हणे ऊन आहे. डोकं कोणाचं होतं गा? तुहं का माहं?

न् माधवी, तू आयक. त्या दिवशी डॉक्टरनं विचारलं, आजी आणखी का खाते. मले आयकू येत होतं. तोंड वाकडं झालं होतं, कान नाई. माह्या आधी तुमी दोघं बोलले, काईच नाई म्हून. जीभ हालत नोयती. म्हून मी डाव्या हातानं चंची काढली न् त्या डॉक्टरच्या समोर धरली. दाखवून राह्यली होती मी त्याले, का बापा, हे खातो, हे पाह्य.

तू हिसकली.

तुले मायची लाज वाटली. उघडूनबी पाह्यली नाई. मंग मले नागपूरले नेत होती, पोटात गाठ धुंडाले. उत्तर माह्या हातात होतं व पोरी, न् थो हात तूच धरला.

उंदराच्या नसीत निरोप अडते त तुले कीव येते म्हणे.

चंची तुह्याच पिशवीत राह्यली आहे. धुऊन पाठवजो, माही आहे थे. न् पुढची चिठ्ठी माह्या नावानं टाकजो. पत्त्यावर नीट लिवजो, मनकर्णा. मामाच्या हाती नोको.

सोमारी म्हणे अंगठा लावा. नाई लावला. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही आहे माही. उजव्या बोटाईनं जमली नाई म्हून डाव्या हातानं केली. वाकडी आहे. पण या साऱ्या कागदाईत तेवढीच एक माही आहे.

मनकर्णा